इंजिनातलं शिवाजी नगर

भोपाळला बदली होऊन गेले तेव्हा हबीबगंजच्या पलीकडच्या एका कॉलनीत वरचा मजला रिकामा असल्याचं कळलं. मालक मराठी आहेत म्हणून मी मोठ्या आशेनं गेले. आता नोकरी, पगार, लग्न, स्वयंपाक येतो का, असली चौकशी होणार असं धरून उत्तरंही तयार ठेवली होती. दार उघडणाऱ्या उंच, सडपातळ, बनियनवरच्या गृहस्थांनी मला आत घेतलं, बसवलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या पुण्याच्या घरात पाण्याचा मेन कॉक कुठे आहे?"

मी बघतच राहिले. जन्मापासून त्या घरात राहत होते, पण पाणी नळातून येतं यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. तसं सांगितलं.

"नाही माहीत," त्यांनी स्वतःशीच मान हलवली. "मतलब ते घर तुमचं नव्हतं. तुम्ही नुसत्या राहत होतात तिथे."

एवढा अपमान होऊनही मी उठले नाही, कारण आतून साबुदाण्याच्या खिचडीचा वास येत होता. पुढचा तासभर त्यांनी मला घरभर फिरवून मेन कॉक, फ्यूज, मीटर, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह आणि सांडपाण्याचं झाकण दाखवलं. शेवटी परत खाली आणून माझी तोंडी परीक्षा घेतली. मी पास झाले आणि वरचा मजला मला मिळाला. भाड्याचं काय ते नंतर त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी ठरवलं.

काकांची सारी नोकरी डाकखात्यात गेली होती. तीही टपाल कचेरीत नव्हे, धावत्या रेल्वेत. पूर्वी गाडीला टपालाचा डबा असे आणि त्यात रात्रंदिवस उभं राहून माणसं पत्रं लावत. हे काका त्यांतले. समोर भिंतभर खण, हातात गठ्ठा आणि डबा हलतोय. ग्वाल्हेरकडचा हा माणूस इतकी वर्षं पत्तेच वाचत आला होता. पत्राच्या आत काय लिहिलंय याच्याशी त्यांचा कधी संबंध आला नाही. त्यामुळे असेल, पण जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांना एकच कुतूहल असायचं, ती राहते कुठे. ती काय आहे, कशी आहे, बरी आहे की वाईट, हे पुढचं.

त्यांच्या पित्ताशयात खडे झाले तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "ते ठीक आहे, पण हे राहतं कुठे?" डॉक्टरांनी पोटावर हात फिरवून "इथे कुठेतरी" म्हटल्यावर काकांनी खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. म्हणाले, निशाण करा. 'इथे कुठेतरी' हा काही पत्ता झाला?

हबीबगंज स्टेशनचं नाव बदललं तेव्हा आता काका काय म्हणतात याची सगळ्या कॉलनीला उत्सुकता होती. काका शांतपणे म्हणाले, "नाव काय, बदलतं. स्टेशन हललं का जागचं? नाही ना? मग आपल्याला काय करायचंय." पण रिक्षावाल्याला मात्र ते शेवटपर्यंत हबीबगंजच सांगत.

मराठी मंडळाच्या गणपतीत एका वर्षी त्यांच्याकडे चपलांचं काम आलं. दुसऱ्या कोणी टोकनं दिली असती. काकांनी चपला पत्त्याप्रमाणे लावल्या. दारात प्रत्येकाला "राहता कुठे?" विचारायचं आणि त्याप्रमाणे चप्पल त्या त्या फळीवर. टी. टी. नगरची एक फळी, शिवाजी नगरची दोन, कारण तिथल्या सरकारी क्वार्टरांतून आमची मंडळी भरपूर. आरती होईपर्यंत व्यवस्था चोख होती. मग सगळे एकदम बाहेर आले, शिवाजी नगरच्या फळ्यांवर झुंबड उडाली आणि ज्याला जी सापडली ती चप्पल पायात घालून लोक घरी गेले. प्रमुख पाहुणे इंदूरचे होते. त्यांचे बूट काकांनी 'बाहेरगाव' म्हणून वेगळे, इतके सुरक्षित ठेवले होते की ते दुसऱ्या दिवशी सापडले. पाहुणे मोजे घालून इंदूरला गेले. काकांना याचं काही वाटलं नाही. "चूक माझी नाही," ते म्हणत, "लोकांना स्वतःचा पत्ता नीट सांगता येत नाही."

पण काकांचं खरं प्रेम होतं गाडीवर. निवृत्तीनंतर घेतलेली ती पांढरी डिझेल गाडी पोर्चमध्ये उभी असे. दर रविवारी सकाळी चहा झाला की बॉनेट उघडून ते तिची 'हजेरी' घेत. हजेरी म्हणजे दुरुस्ती नव्हे. काकांनी आयुष्यात एक बोल्ट फिरवला नसेल. ते फक्त एकेका भागाचं नाव घेत आणि तो आपल्या जागी आहे याची खात्री करून घेत. नवीन माणूस तावडीत सापडला तर त्याला सगळं समजावत, आणि तेही भोपाळच्या नकाशावर.

"हा रेडिएटर. हा आपला बडा तालाब. हा नसेल तर सगळं शहर तापलंच म्हणून समज. ही बॅटरी, हबीबगंज, इथूनच सगळं सुटतं. एअर फिल्टरचा डबा म्हणजे न्यू मार्केट, सगळी हवा आधी इथे चक्कर मारते. हे इंजेक्टर एका रांगेत, टी. टी. नगरचे क्वार्टर. आणि इंजिनाच्या डोक्याचा तो मागचा कोपरा दिसतोय? तिथे शिवाजी नगर. तिथे गल्लीत कॅम सेन्सर राहतो."

"तो काय करतो काका?"

"करतो काय ते मेकॅनिकला विचार. राहतो कुठे ते मला विचार."

मी मेकॅनिकला विचारलं नाही, पुढे वेळ आली तेव्हा वाचून घेतलं. इंजिनातल्या झडपा उघडणारा-मिटवणारा एक दांडा असतो, कॅमशाफ्ट. तो फिरता फिरता नेमका कुठे पोचलाय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा हा अंगठ्याएवढा सेन्सर. त्याची खबर आली नाही तर डिझेल कोणत्या सिलिंडरला कधी द्यायचं हे कॉम्प्युटरला कळत नाही, आणि मग तो देतच नाही. चावी फिरवली की स्टार्टर नुसता घर्र घर्र करत राहतो.

हजेरीच्या वेळी काकू पोर्चमध्ये खुर्ची टाकून मेथी निवडत बसत. त्या उज्जैनच्या. बोलणं कमी, हसणं जास्त. काका एवढ्या उत्साहानं सांगत असायचे आणि या मेथीतून मान वर करत नसत. कधी मी त्यांच्याकडे बघून डोळे मिचकावले तर हळूच म्हणत, "तू ऐकून घे गं. माझं लग्नापासून चालू आहे."

संध्याकाळी दोघं गाडीनं न्यू मार्केटला जात. काही घ्यायचं असो नसो. काका इस्त्रीचा शर्ट घालत, काकू गजरा. गाडी फाटकातून बाहेर काढताना काका मुद्दाम एकदा हॉर्न वाजवत, आम्ही निघालो हे कॉलनीला कळावं म्हणून. वरच्या गॅलरीतून मला ते दृश्य फार आवडायचं. आजही संध्याकाळी कुठे हॉर्न वाजला की मला ती दोघं दिसतात.

मग काकांचे डोळे जायला लागले.

आधी ते म्हणाले की पेपरवाले हल्ली शाई कमी वापरतात. मग भाजीवाल्याकडून दोडके समजून पडवळ घेऊन आले आणि भाजीवाल्यालाच बोलले. एकदा वळणावर पेरूची हातगाडी उडाली. माणूस वाचला, पेरू रस्ताभर झाले. काकांचं म्हणणं, हातगाडी चुकीच्या ठिकाणी उभी होती. काकूंनी त्यांना बळेबळे डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे नंबर येईपर्यंत काका दाराशी बसून आतले पेशंट तक्ता वाचताना ऐकत राहिले. आपली वेळ आली तेव्हा त्यांनी सगळा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. अडचण एवढीच झाली की डॉक्टरांनी मधेच तक्ता बदलला होता. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, आतला पडदा खराब होतोय, यावर ऑपरेशन नाही, यांना गाडी चालवू देऊ नका.

सांगणं सोपं होतं. पुण्याहून मुलानं फोनवर नुसतं "बाबा, आता गाडी बंद" म्हटलं, तर काकांनी फोन ठेवला तो पुढे कित्येक दिवस मुलाचा आवाजही ऐकून घेतला नाही. "आज म्हणतात गाडी बंद. उद्या म्हणतील चालणं बंद, मग म्हणतील बस, बाप बंद." घरात तो विषय निघाला की ते जेवणावरून उठत. आणि संध्याकाळ झाली की इस्त्रीचा शर्ट घालून चावी शोधत. काकू गजरा माळून मुकाट्यानं शेजारी बसत.

एका संध्याकाळी परतल्यावर काकू वर माझ्याकडे आल्या. मी दिलेला पाण्याचा पेला त्यांनी न पिताच मांडीवर धरला. शाळेतली एक मुलगी सायकलवरून समोर आली होती. काका बोलत होते, बोलतच राहिले. काकू ओरडल्या म्हणून ब्रेक लागला. ती पोरगी हसून निघूनसुद्धा गेली, तिला काही कळलंच नाही.

"तिच्या रिबनी लाल होत्या," काकू म्हणाल्या. "एवढ्या लाल. यांना नाही दिसल्या गं."

"काकू, चावी लपवा."

"चावी लपवली तर त्यांना कळेल ना, मी लपवली म्हणून." त्यांनी पेला खाली ठेवला. "सगळ्यांनी सांगितलं ते ठीक आहे. मी सांगितलं तर माणूस मोडेल. पण कोणाचं पोर मेलं तर?"



त्यानंतर लवकरच गाडी सुरू होईनाशी झाली. काका संध्याकाळी तयार होऊन बसले, चावी फिरवली, घर्र घर्र. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं हात लावताच गाडी सुरू झाली. तो गेला, संध्याकाळी परत घर्र घर्र. असं दोन-तीनदा झाल्यावर मेकॅनिक वैतागून स्कॅनर घेऊन आला आणि गाडीला जोडून म्हणाला, "अंकल, कैम सेंसर का कोड आ रहा है. कभी पकड़ता है, कभी छोड़ता है. गाड़ी गैरेज भिजवा दो, मैं नया डाल देता हूँ."

काकांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. "कहाँ रहता है वो, बताओ."

"कौन?"

"कैम सेंसर."

"अरे अंकल, इंजन में ही होगा, और कहाँ जाएगा?"

झालं. 'इंजनातच असेल' म्हणणाऱ्याच्या हाती काका गाडी देणार नव्हते. "पहले पता, फिर पाना," असं सांगून त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पुढच्या रविवारी काकू भाजीला गेल्या होत्या, तेव्हा काकांनी मला खालून हाक मारली. बॉनेट उघडं होतं. "ये. इतकी वर्षं फुकट ऐकलंस, आज परीक्षा. कॅम सेन्सर शोध. मी दाखवणार नाही, फक्त रस्ता सांगीन."

ते दाखवणार नव्हते, कारण त्यांना दिसत नव्हतं. मला ते समजलं आणि मला ते समजलंय हे त्यांनाही समजलं. आम्ही दोघांनी परीक्षेचं सोंग नीट चालू ठेवलं.

"न्यू मार्केटपासून सुरू कर. तिथून जाड काळा पाइप निघतो. त्याच्याबरोबर चल. आता हात पाइपच्या खालून घाल. डावीकडे इंजिनाच्या डोक्याची कड लागेल."

"लागली. इथे एक सेन्सर आहे काका!"

"तारा मोज."

"दोन."

"तो गरमी मोजणारा. शेजारी आहे. शेजाऱ्याकडे पत्र टाकून येशील काय? पुढे जा. एका बोल्टवर बसलेला, तीन तारांचा."

मी गाल रेडिएटरच्या पट्टीला लावून हात कोपरापर्यंत आत घातला. बोल्ट लागला. त्याच्याखाली सेन्सर लागला, काकांनी सांगितलं होतं अगदी तिथेच. पण त्यावर तार नव्हती.

"काका, तार निघालीय. नाही, थांबा..." तारेचं टोक पाइपमागे अलगद खोचून ठेवलं होतं. खटका नीट दाबून काढलेला, कुठे ओरखडासुद्धा नव्हता. टोकावर धूळ जाऊ नये म्हणून दुधाच्या पिशवीचा धुऊन पुसून कापलेला तुकडा होता आणि वर रबरबँड. खाली सेन्सरलाही तसाच तुकडा, तसाच रबरबँड. काकूंच्या फ्रिजमधली प्रत्येक वाटी अशीच झाकलेली असे.

मी काय दिसतं ते सांगून टाकलं. बोलत गेले आणि 'रबरबँड' या शब्दापाशी थांबले, पण तोवर उशीर झाला होता.

 मला बाजूला करून काकांनी स्वतःचा हात आत घातला. त्यांची बोटं संधिवातानं सुजलेली, कातडी पाइपला घासत होती, तरी रेटून आत नेला. बराच वेळ हात आतच होता. रबरबँडचा पीळ त्यांनी बोटानं चाचपला असावा.

मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. नाहीतर मोडेल, काकू म्हणाल्या तसा.

"इतक्या लोकांना सांगितलं," काका शेवटी म्हणाले.  "मुलाला सांगितलं, तुला सांगितलं, जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगितलं. बघ. एका तिनंच लक्ष देऊन ऐकलं."

मी पुन्हा आत वाकले. "तार लावू का काका?"

ते फाटकाकडे बघत होते. त्यांना फाटक कितपत दिसत होतं कोण जाणे. "नको," ते म्हणाले. "पिशवी नीट बसव. धूळ जाईल."

मी बसवली. त्यांनी पुन्हा हात घालून तपासली आणि बॉनेट लावलं. मग मला म्हणाले, "आणि हे कोणाला बोलायचं नाही. तिला तर नाहीच नाही."

काकू भाजीची पिशवी घेऊन आत आल्या, गाडीपाशी आम्हाला बघून जागच्या जागी थांबल्या. "सापडला का हो?" त्यांनी विचारलं. 

"कुठला सापडतोय," काका तिरसटून म्हणाले. "या पुण्याच्या पोरीला काही येत नाही. उगीच टाइम गेला. चला, चहा करा."

त्यानंतर गाडी पोर्चमध्ये उभीच राहिली. संध्याकाळी दोघं ऑटोनं न्यू मार्केटला जाऊ लागली. इस्त्रीचा शर्ट तोच, गजरा तोच. काका रिक्षावाल्याला डावं-उजवं सांगून हैराण करत आणि रोज न चुकता मोठ्यानं म्हणत, "काय गाडी आहे! ही कधी सुरू होणार देव जाणे." काकू म्हणत, "होईल हो." वरून मला ते ऐकू यायचं.  रविवारची हजेरी चालूच होती, मात्र काका आता शिवाजी नगर वगळून पुढे जात. मेकॅनिकचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढे माझी बदली झाली. काका गेल्याचं फोनवर कळलं, तेव्हा लगेच निघता आलं नाही. गेल्या हिवाळ्यात भोपाळला काम निघालं आणि मी काकूंकडे गेले. मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता, घरातलं सामान बांधून झालं होतं. गाडीवर कापड घातलेलं होतं, ती दुसऱ्या दिवशी कोणीतरी ओढून नेणार होतं. काकूंनी पोर्चमध्ये दोन खुर्च्या टाकल्या. खूप वेळ त्या पुण्याच्या हवेबद्दल विचारत राहिल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "एक सांगू का गं? मुलाला पण नाही सांगितलं. गाडी खराब नव्हती झाली. मीच वायर काढली होती."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मेकॅनिक यायचा तेव्हा लावायची, तो गेला की काढायची. वाटलं, गाडीवर राग काढतील, स्वतःवर नाही काढणार. पण फसवलं ना मी त्यांना? त्यांची गाडी, तिची एकेक गोष्ट मला किती हौसेनं सांगितली होती, आणि मी त्याचाच... शेवटच्या दिवशी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, गाडीचं एक सांगायचं राहिलं. मी म्हटलं, बोलू नका, उद्या सांगा." त्यांचं पुढचं बोलणं पदरात गेलं. "शेवटपर्यंत त्यांच्या मनात गाडीच होती गं. आणि मी शेजारी बसून खोटं बोलत होते."

काकांना दिलेला शब्द मला पाळायचा होता. पण काकूंकडे बघून तो पाळणं शक्य नव्हतं. मी त्या रविवारचं सगळं सांगितलं. काळा पाइप, दोन तारांचा शेजारी, दुधाची पिशवी, काकांचा हात, काकांचं बोलणं, सगळं.

काकू ऐकता ऐकता ताठ बसल्या. "त्यांना माहीत होतं?"

"हो."

"तेव्हापासून? आणि मग रोज ऑटोत बसून माझ्या डोक्याशी ती कटकट, गाडी कधी सुरू होणार म्हणून?" त्या खरोखर चिडल्या. "काय नाटकी माणूस गं हा! आणि मी मूर्ख, रोज आपली 'होईल हो, होईल हो'..." बोलता बोलता त्यांना हसू फुटलं आणि त्या हसण्यातच त्या रडायला लागल्या. मी त्यांचा हात धरून बसून राहिले. बाजूच्या बंगल्यातून कुणीतरी डोकावून गेलं.

खूप वेळानं त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला. गाडीकडे तोंड करून बसल्या.

"हात आत घातला होता तेव्हा," त्या म्हणाल्या, "काय म्हणाले ते? परत सांग."

मी परत सांगितलं.